डोंगरातली ओहोटी

पनवेल स्टँडवर पुण्याच्या बसच्या रांगेत निशाच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजोबांनी चादरीत गुंडाळलेलं चित्र लेकरासारखं उराशी धरलं होतं. आजी त्यांना सोडायला आल्या होत्या.

"उद्या प्रदर्शनात हेच पहिलं लावनार."

"लावा. पन चूक हाय त्यात."

"कसली चूक? काश्मीरला तळ्याकाठी बसून काढलंय."

"मग होडी चिखलात कलंडली कशी? डोंगरातल्या तळ्याला ओहोटी लागते का वो?"

आजोबांनी घाईघाईने चादर बाजूला केली.

"आयला! शकू, आधी का नाय बोललीस?"

"आधी मलाबी नाय समजलं. आपल्या खाडीवानी दिसलं, बरं वाटलं."

"डोळं तळ्यावर होतं, हात मात्र आपल्या खाडीत. थांब, पुण्यात पोचलो की पानी भरून टाकतो. रंग पिशवीत हायेत."

"हात नका लावू त्याला."

"लोक हसतील गो."

"हसू दे. फोनवर मी रोज इचारत होते, घरची आठवन येते का? नाय म्हनत होता ना?"

"नव्हतीच येत."

"मग ही होडी कुनाची?"

आजोबा चादर नीट गुंडाळत राहिले. तेवढ्यात बस लागली. ते पायरीवर चढले, आणि वळून त्यांनी हात पुढे केला.

"चल."

"मी? अंगनात बोंबील वाळत घातलेत!"

"खाऊ दे कावळ्यांना. ओहोटीचं कुनी इचारलं, तर सांगनार कोन?"