चंदगड गाडीतलं लिंबू

कोल्हापूर स्टँडवर खचाखच भरलेल्या चंदगड गाडीत एकच सीट रिकामी होती आणि तिच्यावर कुंकू लावलेलं लिंबू होतं. टाचेच्या कुरपानं बेजार झालेला, एम. ए. शिकणारा सम्राट शेजारी उभा राहिला.

"पावणं, उभं का?" खिडकीकडच्या बनाबाईनं विचारलं.

"भ्यालो न्हाय मी, मावशी. पूर्वी झुडूप हललं की जी माणसं उगंच पळाली, ती वाचली. त्यांच्या भ्यायच्या सवयीतनंच देव-भुतं आली."

"आणि न्हाय पळाली ती?"

"वाघानं खाल्ली."

"मग तुम्ही पळालेल्यातलं का खाल्लेल्यातलं?"

सम्राट निपाणीपर्यंत उभ्यानंच विचार करत राहिला.

"मावशी, लिंबू कुणाचं हाय?"

"माझंच की. आमचा म्हातारा गडहिंग्लजला चढणार हाय. नुसता रुमाल टाकला तर शिकलेली माणसं उचलून बसत्यात."