उंबऱ्यातली बॅग

—नाही, ओल नाही ती, भिंतीचा रंगच तसा आहे. बरं, आहे थोडी ओल, पण जुनी आहे, तिची आता सवय झालीय. आणि त्या उंबऱ्यातल्या बॅगेकडे सारखं बघू नका, कुणी गावाला निघालेलं नाही. बसा. खुर्ची डुगडुगते, पण पडलं कुणी नाही अजून. एकट्याच्या पगारात घेतलं हो हे घर. नोंदणी कार्यालयात कारकून होतो मी, जन्मभर लोकांच्या घरांचे कागद तपासले. लोक यायचे, म्हणायचे, आमचं घर आहे. मी म्हणायचो, कशावरून? वडील राहायचे, आजोबा राहायचे— अहो, राहायला काय, पालसुद्धा राहते. कागद दाखवा. भलेभले घाम पुसत परत जायचे. मजा यायची, खोटं कशाला बोलू.

का विकायचं? गुडघे. वरच्या दोन खोल्यांबद्दल मला हल्ली ऐकीव माहितीच आहे. लिफ्टचं घर बघून ठेवलंय. बायकोला? तिला कशाला विचारायचं, घर माझं— माझं म्हणजे, त्याचं असं आहे—

खरेदीखत ना? आहे की. हिच्या कपाटात आहे. किल्ली हिच्या कमरेला. आधी माझ्या टेबलात असायचं, पण झालं काय, तुमचा फोन आला, तुम्ही म्हणालात खतात काय लिहिलंय ते वाचून सांगा, आणि माझं नेमकं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर पट्टी. हिला म्हटलं, वाच. मीच म्हटलं हो, दुसऱ्या कुणी नाही. हिने शाळेतल्या मुलीसारखं उभं राहून वाचायला घेतलं. लिहून देणार अमुक— म्हणजे विकणारा. लिहून घेणार— आणि थांबली. पुन्हा वाचलं. तिचंच नाव. मग पूर्वेला गल्ली, उत्तरेला शिंप्याची भिंत, सगळं शांतपणे वाचलं. अगदी शेवटी साक्षीदार. तिथे मी.

हसा, हसा. बाईच्या नावावर घेतलं की नवऱ्याच्या देण्यापायी घरावर जप्ती यायची नाही, कार्यालयात सगळ्यांनी तेच केलं. हिला म्हटलं, इथे सही कर, काय ते मग सांगतो. ते मग राहूनच गेलं. विषयच निघाला नाही— म्हणजे निघायचा, पण वेगळ्या बाजूने. हिने भावाची बाजू घेतली, आमटीत मीठ जास्त झालं, की मी माळ्यावरून ती बॅग काढायचो, हिच्यापुढे आदळायचो, म्हणायचो, घर माझं आहे, पटत नसेल तर निघायचं. मनापासून नाही हो, बोलायची पद्धत. ती जायची का कुठे? बॅग मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसायची, अंधार पडला की आत येऊन स्वयंपाकाला लागायची. तिला तेव्हा ठाऊक असतं तर— जाऊ द्या.

वाचून झाल्यावर? ओरडली नाही. तोच तर त्रास आहे. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, ते मला जमतं. खताची घडी घातली, कपाटात ठेवलं, किल्ली फिरवली. मग स्टुलावर चढली— तिचे गुडघे काही माझ्यापेक्षा बरे नाहीत— माळ्यावरून बॅग काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि उंबऱ्यात ठेवली. रिकामी आहे, मी उघडून बघितली. जेवायला वेळच्या वेळी वाढते. डोळ्यात थेंबसुद्धा घालते, एकही गालावर सांडत नाही. पण बॅग तिथेच. म्हणून म्हणतो, विकून टाकलेलं बरं, लिफ्टचं घर निदान दोघांच्या नावावर— हो, सही तिचीच लागणार. माझी नाही चालायची. मलाच काय सांगता, त्याच खिडकीत बसायचो मी.

तुम्ही विचारता तिला? नको, विचारलंय मी सकाळी. म्हटलं, अगं, गिऱ्हाईक येतंय, काय सांगू त्यांना? भांडी घासत होती, वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "तुम्ही साक्षीदार ना? जे बघितलंत ते सांगा."

सांगितलं. आता निघा तुम्ही. नाही, चहाचं तिने काही विचारलेलं नाही, आणि मी आपणहून सांगायला— नको. अहो, अहो, बॅग सरकवू नका. तिने ठेवलीय, तिथेच राहू दे. ओलांडून जा. मीही हल्ली तसाच येतो-जातो.