चांदीच्या डोळ्यातली तिसरी पापणी

ऐका. हूं म्हटलं नाही तरी चालेल, पण मधूनच उठून जाऊ नका.

खालच्या आळीतला तातोबा झिमण जनावरांचं औषधपाणी करायचा. एकदा अंधार पडल्यावर तो वडजलहून घरी यायला एकटाच निघाला, घोडखिंडीच्या वाटेनं. लोक म्हणाले, सकाळी जा. ऐकलं नाही. गाडीवाट वडजलच्या ठकूबाईच्या दारावरून जाते ना, त्याला ते दार टाळायचं होतं.

का टाळायचं होतं, ते सांगतो. गाईच्या डोळ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यात, एक पांढरट पापणी असते. आपल्याला दोन, तिला ही तिसरी. धूळ गेली, कुसळ गेलं, की सरकन डोळ्यावरून फिरते, डोळा पुसते, ओला करते, परत आत जाते. जनावर आजारी पडलं की ती बाहेर दिसते. तातोबाला वाटायचं, हाच आजार. चिमट्यात धरायचा आणि कापून टाकायचा. बापानं शिकवलेलं.

ठकूबाईची गाय, चांदी, नुसती तापली होती. यानं दोन्ही डोळ्यांतल्या पापण्या काढल्या. ताप उतरला, पण डोळे कोरडे पडले, धूळ साचली, बुबुळांवर पांढरी फुलं पडली. आंधळी गाय चरता चरता खिंडीच्या कड्यावरून पडून गेली. एकट्या बाईचं तेवढंच जनावर. ती म्हणाली, "तात्या, तिनं तुजं काय वाईट केलं हुतं?"

हा म्हणाला, "म्हातारीच झालीती की."

तर खिंडीत शिरला. मागं घंटा वाजली. थांबला, घंटा थांबली. चालला, परत वाजली. मग वारा नाही, पान हलत नाही, आणि धूळ उठली. बॅटरी मारली. वाटेत गाय उभी. पांढरी. डोळे सताड उघडे, आणि बुबुळांवर बोटभर धूळ.

तातोबा घाबरून डोळे मिटायला गेला. मिटेनात. नीट ऐका, मिटेनात. हातानं पापणी ओढली, तरी नाही. धूळ आत शिरत राहिली. दिसायचं बंद झालं. पळाला. पायाखालचा दगड सुटला, आणि खाली पडल्याचा आवाजच आला नाही. कडा तो.

हात चाचपडत फिरवला, तर उबदार शेपटी लागली. चुकलेली कुणाची तरी कालवड. गच्च धरली. ती त्या धुळीतून सरळ चालत राहिली, पार वडजलच्या आडापर्यंत. उजाडत होतं. एका डोळ्यानं थोडं दिसायला लागलं, तेव्हा त्यानं पाहिलं. कालवडीच्या डोळ्यावरून पांढरी पापणी फिरली, धूळ कोपऱ्यात ढकलली, मागं सरली. डोळा स्वच्छ.

आडावर ठकूबाई पाणी शेंदत होती. तिनं त्याच पाण्यानं त्याचे डोळे धुतले.

"ठकूबाई, चुकलं माजं."

"डोळं धुतलं. आता घरी जा," ती म्हणाली. पुढं मरेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

एक डोळा गेलाच त्याचा. चाकू त्यानं डोहात टाकला, दारोदार जाऊन सांगितलं, ती पापणी कापू नका. लोकांनी मान हलवली. आणि महिन्याभरात नदीपलीकडचा पापण्या कापणारा दुसरा एक बोलावून आणला. गोठ्यागोठ्यात तो फिरला. तातोबा बांधावर बसून बघत राहिला.

घोडखिंडीत आता एकच घंटा वाजत नाही. पुष्कळ वाजतात. त्या वाटेनं जाऊ नका, बाबांनो. तिथं आता वाट दाखवायला डोळस जनावर उरलेलं नाही.