कॉम्प्युटरनं मागितलेली माफी

आमच्या भागाला घटकराज्याचा दर्जा नुकताच मिळाला होता, तेव्हाची गोष्ट सांगतो. डिचोलीत आम्ही कॉलेजच्या तिघांनी शाळकरी मुलांना मराठीतून प्रोग्रामिंग शिकवणारा एक प्रोग्राम केला होता. तो शाळेत ठेवायचा की नाही, हे आमचे जुने गणिताचे मास्तर ठरवणार होते. मास्तरांनी टाइप केलेली पहिलीच आज्ञा चुकली आणि पडद्यावर उमटलं, 'चूक!'

मास्तर ताडकन उठून कॉम्प्युटरवरच ओरडले, "माका चूक म्हणतास?"

झालं! त्यांना चहाला बसवून आम्ही घाईघाईनं ते वाक्य बदललं. मास्तर परत चुकले. आता आलं, 'माफ करा, मला समजलं नाही. पुन्हा सांगाल?'

मास्तर चष्मा पुसून पडद्याला हळूच म्हणाले, "असूं दे रे पुता, परत सांगतां."

त्यांच्या वर्गात चार वर्षं मीही हेच म्हणायचो, 'मला समजलं नाही.' मला छडी मिळायची.