कुरुंद्याच्या विहिरीचं पाणी

आणीबाणीत नसबंदीची दहशत होती ना, तेव्हाचं सांगतो! मुंबईत आम्ही पोरं हौसेनं समुद्राचं पाणी बाटलीत भरून तपासायचो. सुट्टीत मावशीकडे कुरुंद्याला गेलो, तर तिथल्या विहिरीचंही भरलं. बाटलीत तपासणीचं औषध दोन थेंब टाकलं, तर पाणी पिवळंधमक! म्हणजे घाण मिसळलेली.

शेजारच्या सखूकाकूंनी माझा हातच धरला. "काहून रे, नसबंदीचं औषध इहिरीत टाकून राहिला काय?"

"नाही हो, फक्त बाटलीत टाकलं!"

"मंग घे, इहिरीचं पिऊन दाखव."

मी थबकलो, तर विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया ओरडल्या, "बघा, पीत न्हाई!"

"काकू, पाणी खराब आहे!"

"आत्ताच झालं व्हय खराब? आमी तर रोज पितो."

प्यालो गटागटा. तरी मला काय होतं ते बघायला संध्याकाळपर्यंत पारावर बसवून ठेवलं. पोटात कळा येत होत्या, आणि मी आपला हसत बसलोय! उठून पळालो असतो तर विहिरीत औषध मीच टाकलं असं ठरलं असतं ना!