आरशावर चादर

हॅलो?… हां, बोल गं. नाही, झोपले नव्हते. हळू बोलतेय कारण दोन्ही पिंजऱ्यांची दारं उघडी आहेत.

आत्ताच उघडली, दुपारची जेवणं झाल्यावर. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेजारी पिंजरे ठेवून पुरेशी ओळख झाली, आता मोकळे सोडून बघा… हो, खिडकी लावलीय. पंखा बंद. इस्त्री केव्हाच थंड केली. तुझ्या पक्ष्यापायी मी इथे घामाने निथळतेय.

अजून काही नाही. तुझा लिंबू पडद्याच्या दांडीवर बसलाय, भिंतीकडे तोंड करून. आणि त्याच्या सोबतीला आणलेली ती निळी पिंजऱ्याच्या दारात बसून त्याच्या पाठीकडे बघतेय… उडणार कशी? आधीच्या घरात तिचे पंख वेडेवाकडे कापलेत ना. नवीन येईपर्यंत पायीच चालणार बिचारी.

काय?… कोण येतंय लिंबूला न्यायला?… आज? तू तर रविवार म्हणाली होतीस.

हो, हो… अगं ऐक ना… मी कधी म्हटलं, घेऊन जा म्हणून?… बरं, म्हटलं असेन एखाद्या वेळी… दर फोनला नाही हं… बरं बाई, दर फोनला. पण वैतागून बोलतं माणूस. मशीनमध्ये दाण्यांची टरफलं, गिऱ्हाइकाच्या कापडावर शिंतोडे, उजाडायच्या आत कलकलाट. तुझ्या बाबांबद्दल तरी मी काय वेगळं बोलते? त्यांना न्यायला कुणाला पाठवलंयस का?

हसू नकोस. तो दचकतो.

मैत्रिणीचे काका… हं… अख्ख्या गच्चीला जाळी? आणि आत नुसते आपल्या लिंबूसारखे बजीच बजी?… चांगलंय की. मी कुठे वाईट म्हणतेय.

नाही, आवाजाला काही नाही झालं.

खातो गं, थोडं थोडं. वाटी भरलेली दिसते म्हणून मी फसत नाही आता, वरची टरफलं फुंकून खाली दाणे आहेत का ते बघते. तुझे बाबा अजून फसतात. भरलेली आहे की, म्हणतात, आणि पेपर वाचतात… वजन वाढलंय, पण छातीचं हाड लागतं अजून हाताला.

तेच तर. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, हिच्याशी जमलं तर राहू दे दोघं तुमच्याकडे. नाही जमलं तर थव्यात पाठवा, एकटा ठेवू नका. मी हो म्हटलंय. माझ्या हौसेपायी त्याला एकटा कुढत ठेवणार नाही मी… हौसच. दुसरं काय म्हणू?

थांब हं, बाहेरून कुणी तरी हाका मारतंय. बँकेतल्या बाई असतील, कोटाच्या मापाला आल्यात. थांब, फोन नको ठेवूस.

या हो, या. पटकन आत या आणि दार लावून घ्या. पक्षी सुटलेत… चावत नाहीत. म्हणजे तो नाही चावत, निळीपासून बोटं लांब ठेवा… हा घ्या कोट, पडद्यामागे जाऊन घाला… आरसा? आरसा झाकलाय. आजारपण आहे… अहो, आमच्या पक्ष्याचं. लेक नोकरीला बाहेरगावी गेली, हा एकटा पडला. मला वाटलं, पिंजऱ्यात बसण्यापेक्षा माझ्यासोबत शिवणाच्या खोलीत बागडेल. तर हा आरशातच जीव लावून बसला. आत दुसरा पक्षी आहे असं वाटलं त्याला. गिळलेले दाणे परत चोचीत आणून दिवसभर त्या काचेला भरवायचा. मला वाटलं, रमलाय. आरसा जेवत होता आणि हा वाळत होता… हो ना. तेव्हापासून चादर टाकलीय. गिऱ्हाइकांना मीच सांगते, छान बसलंय म्हणून. तुम्हालाही सांगेन, घाला आधी.

हां, बोल… ऐकत होतीस ना सगळं? खुळ्यात काढलंय मला सगळ्यांनी. आरसा झाकून ठेवणारी शिंपीण… ती गल्लीच्या तोंडची नवरीकडची मंडळी दुसरीकडे गेली कपडे घेऊन. जाऊ दे. आरसा नसला तर गिऱ्हाईक निदान घरी जाऊन बघतं, आणि तोवर मी सुटलेली असते.

अगं, तू गेलीस ना, तेव्हा मशीन चालू असली तरी घर गप्प वाटायचं. बाबा तर काय, आधीच मोजून बोलणार. मग हा सकाळी कलकल करायला लागला की मी म्हणायचे, उठले रे, उठले. कुणाला तरी म्हणायचे. मला करमणार नाही गं त्याच्यावाचून. झालं, बोलले एकदाचं… हो, तरी पाठवेन. हे जमलं नाही तर पाठवेन. काकांना गच्ची आहे, थवा आहे. माझ्याकडे काय, दोरे आणि बटणं.

थांब… बाई, चादर नका… अहो, नका काढू…

काढली.

अगं, चादर ओढली त्यांनी. मागचं कसं बसलंय ते बघायला. लिंबू गेला… आरशावर गेला सरळ. गेला की गं तो. चिकटलाय काचेला. मान वरखाली चालू झाली… संपलं सगळं. पुन्हा पहिल्यापासून. महिनाभर जपलं मी त्याला…

नाही, त्यांना काय बोलणार? त्याच रडवेल्या झाल्यात. बाई, असू दे. तुमची चूक नाही. आरसा बघायलाच येतात माणसं. जरा हलू नका फक्त.

हात कशाला लावू? घाबरेल… कोण ओरडतंय? निळी. ती ओरडतेय तुझी निळी. ऐकू येतंय का? इतकी कधी ओरडली नव्हती. पिंजऱ्याच्या जाळीवरून उतरतेय चोचीने धरून धरून… उतरली. टेबलावर आली. माझ्या कापायच्या टेबलावर. खडूवर पाय दिला… मापाच्या पट्टीवरून चाललीय अगदी ठुमकत. टेबलावरच्या पिना लागतील गं तिला… नाही, वळसा घातला.

आली टेबलाच्या कडेपर्यंत. पुढे आरसा, मध्ये मोकळी जागा. तिला उडता येत नाही. ओरडतेय तिथूनच.

काही नाही. तो काचेशीच आहे… थांब. बघितलं त्याने. मागे वळून बघितलं. पुन्हा काचेत बघतोय… पुन्हा मागे. काचेतला तर ओरडत नाही ना त्याच्यावर.

अगं गप्प, बोलू नकोस काही.

…

आला. टेबलावर आला तिच्याजवळ. हातभर लांब बसलाय, पण आला. ती सरकली. हा मागे नाही सरकला… मान हलवतोय वरखाली. आरशासमोर करायचा तस्सं. आता तिच्यासमोर… तिने चोच उघडली.

भरवतोय गं. तिला भरवतोय. घेतेय ती. काचेवरून ओघळायचं ते सगळं हिच्या पोटात जातंय.

नाही, रडत नाहीये. मी नाही, बँकेतल्या बाई रडतायत. कोटाला डोळे पुसतायत माझ्या… बरं, मीपण.

आरशात दोघंही दिसतायत. ढुंकून बघत नाही तो तिकडे.

अहो… अहो, ऐकलंत का… काही नाही, बाबांना बोलावलं. दारातून बघतायत. काय म्हणाले माहितीय? म्हणाले, आता दोन वाट्या ठेवाव्या लागतील. आणि मीच फुंकत जाईन, म्हणाले. पेपर खाली ठेवून म्हणाले.

दार वाजलं गं. तुझे काका आले… म्हणजे मैत्रिणीचे. आता काय फोन करून थांबवतेस, उंबऱ्यात उभे आहेत… मी बघते. सांगेन, पक्षी द्यायचा नाही, क्षमा करा. चहा घ्या. आणि पंख कापलेली मादी नवे पंख येईपर्यंत कशी जपायची ते जरा शिकवा मला, म्हणेन. माणूस पक्ष्यांतला आहे, रागावणार नाही.

काय?… नाही, चादर नको आता. बाईंना कोटाची पाठ बघू दे निवांत.

कुणाचा म्हणजे?… तुझा पक्षी, तुझा पक्षी म्हणायचे, हो… तुझाही नाही आता आणि माझाही नाही. तो तिचा झाला. आपल्याकडे फक्त टरफलं. ठेव फोन, झाडू घ्यायचाय मला.