गुरुजींची चव

— नाय नाय, चावी देतो ना, ती काय पळून जाते? बसा त्या बाकावर, एसटीने हाडं खिळखिळी केली असतील तुमची. खोली झाडलेली आहे. गुरुजींनीच झाडली सकाळी निघताना — म्हणजे केर दाराआड ढकलला, त्यांचं झाडणं तेवढंच. सकाळच्या गाडीने ते गेले आणि तिन्हीसांजेला तुम्ही हजर! सरकारचं काम असं वेळेवर झालेलं मी ह्या डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं. तुम्हाला मी मास्तर म्हणतो हां, राग नको. ह्या वाडीत गुरुजी म्हटलं की हिरेमठ गुरुजीच, दुसऱ्या कोणाला ते नाव चिकटायला वेळ लागेल. कोल्हापूरकडचे ना तुम्ही? मग माझं बोलणं कळेल. मी शाळेची पायरी चढलो नाही कधी, पण हे तुमच्याकडचं बोलणं मला गुरुजींमुळे लागलं — माझ्या नि त्यांच्या खोलीत एकच मधलं दार, त्या दारापलीकडे दुसरं माणूसच नाही, तर काय करणार? जेवण? माझं? नाही झालं. ह्या वेळेपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या घरातून टोप आलेला असतो, सोमवार-गुरुवार सोडून. आज आला नाही. येणारही नाही आता. आणि मी काही वाट बघत नाही, मी आपला रस्त्याकडे बघतोय, म्हाताऱ्याने दुसरीकडे कुठे बघायचं? पेज आहे, सुकी मासळी आहे, मला काय कमी?

कालच्या समारंभाचं कोणी सांगितलं तुम्हाला? सुदेशने? स्टँडवर भेटला? मग त्याने काय सांगितलं असेल ते मला इथे बसून कळतं. ग्रामशिक्षण समितीचा अध्यक्ष ना तो! 'गुरुजींना थाटात निरोप दिला, पालकांचे जाहीर आभार मानले, सगळं कसं छान झालं.' होय तर, छानच झालं! मांडवात फ्लेक्स लावला होता, त्याच्यावर सुदेशचा फोटो एवढा आणि गुरुजींचा कोपऱ्यात एवढासा, मोबाईल कानाला लावलेला तो सुदेश — कोणाशी बोलत होता कोण जाणे, इथे तर मोबाईलला आवाज पकडायला माडावर चढावं लागतं. वाऱ्याने फ्लेक्स फाटला तेव्हा बरोबर सुदेशच्या गळ्याशी फाटला. आता भिकाजीने तो होडीच्या इंजिनावर झाकण म्हणून बांधलाय, तिथे त्याचा काहीतरी उपयोग आहे. मालवणहून एक साहेब आणला होता, त्याने गुरुजींना अख्खं भाषणभर हिरेकर म्हटलं, आणि भर उन्हात लोकरीची शाल पांघरली. गुरुजी घामाने निथळतायत आणि खाली माणसं टाळ्या मारतायत. नारळही दिला एक. माडांच्या बनात बसून नारळाचा सत्कार! पण ते सगळं सोडा. पालकांचे आभार कसे मानले ते ऐका. सुदेश माईकवर म्हणतो, 'शाळेच्या भिंतीसाठी ज्या पालकांनी श्रमदान केलं त्यांनी जागेवर उभं राहावं.' आता ती भिंत बघितलीत ना येताना, समुद्राच्या बाजूची, चिऱ्याची? खाडीपलीकडून होडीत चिरे आले आणि वाडीतल्या बायांनी ते डोक्यावरून वाहिले. सकाळी मासळी विकून यायच्या आणि त्याच चुंबळीवर चिरा घ्यायच्या. आणि काल आभार मानायच्या वेळी त्या बाया होत्या कुठे? शाळेच्या मागे, चुलीपाशी, ह्या साहेबाच्या जेवणासाठी कांदे चिरत! मग उभं कोण राहिलं? भिकाजी! सुदेशचा भाऊ! भिकाजीचं त्या भिंतीसाठीचं श्रमदान काय, तर ती बांधून झाल्यावर तो तिच्यावर बसून जाळं सांधतो. टाळ्या, फुलं, फोटो. मागच्या बायांना माईकचं ऐकू सुद्धा आलं नाही, कढत तेलात सुरमई सोडलेली, तिचा आवाज मोठा.

पण त्या बायांनी चिरे का वाहिले, ते विचारा. शिक्षणाच्या प्रेमापोटी? तसं साहेब म्हणाला. साहेबाला म्हणायला काय जातं? कुठल्या प्रेमापोटी नाही हो. गुरुजी त्यांच्या आमटीला नावं ठेवायचे म्हणून. हसू नका. नीट सांगतो, मला घाई जमत नाही.

गुरुजी इथे आले तेव्हा शाळेत पोरंच नव्हती. हंगामात पोरगी घरात हवी, पोरगा किनाऱ्यावर हवा. पहिल्याच दिवशी ते हौसाबाईच्या दारात गेले, तिच्या पोरीला शाळेत पाठव म्हणून हात जोडले. हौसाबाई पाघळली — आणि संध्याकाळी टोपभर बांगड्याची आमटी घेऊन खोलीवर हजर. 'गुरुजी, एकटे आसात, जेवक कोण घालतलो तुमका?' आता हिरेमठ म्हटल्यावर तुम्हाला लगेच कळलं असेल ना? लिंगायत. त्यांच्या सात पिढ्यांत कोणी मासा बघितलेला नाही. आम्हाला काय कळणार? आम्हाला वाटलं, हात आहे, तोंड आहे, म्हणजे खाणारच. आणि त्या गुरुजींच्या तोंडून 'मी खात नाही' निघेना. आत्ता कुठे पोर शाळेत पाठवायला तयार झालेली बाई, तिचा टोप परत कसा करायचा? म्हणाले, 'छान, छान.' ती गेली, आणि मधल्या दारातून टोप असा दोन्ही हात लांब करून माझ्याकडे आणला — कोणी जिवंत साप आणील तसा. तोंड फिरवलेलं. माझी बायको सुभद्रा त्याच पावसाळ्यात गेलेली. मी पेजेवर होतो. मी काही विचारलं नाही, जेवलो. ते उंबऱ्यात बसले दहीभाकरी घेऊन, वारा पाठीवर येईल असे. म्हणाले, 'कसं आहे?' मी म्हटलं, सोलं जास्त पडली, नाहीतर बरी आहे.

बस. एवढंच. पण तो माणूस प्रामाणिक — खोटं बोलायचं तेसुद्धा नीट बोलणार! दुसऱ्या दिवशी धुतलेला टोप परत देताना तिला म्हणाले, 'आमसुलं किंचित जास्त झाली का हो?' ती हौसाबाई रस्त्यात उभीच राहिली. मला बाजारात सांगत होती, 'तात्यानू, माझो घोव इतकी वर्सां जेवता, हात धुता नि झोपता. कधी म्हणाक नाय बरा झाला काय वायट झाला. आणि ह्यो घाटावरचो माणूस!' झालं. दुसऱ्या दिवशी प्रेमलताचा टोप. मग आणखी कोणाचा. मी जेवायचो, सांगायचो, आणि गुरुजी शाळेच्या दारात तसंच्या तसं म्हणून दाखवायचे, पाढे म्हटल्यासारखं — तुमचं खोबरं जरा जाड वाटलं गेलं, तुमची कोथिंबीर काल छान होती. बाया लाजायच्या, भांडायच्या, आणि दुसऱ्या खेपेला सुधारून आणायच्या. एकदा प्रेमलताच्या आमटीला मीठच नाही. मी गुरुजींना म्हटलं, ह्याच्याबद्दल तिला बोलू नका, घरी जाऊन या. गेले, तर तिचा धाकटा तापाने फणफणलेला. अशी ती आमटी. मग हे गुरुजी म्हणाले की समुद्र शाळेच्या पायरीशी आलाय, भिंत हवी, तर त्या बाया चिरे वाहणार नाहीत तर काय? आपल्या हातचं कोणीतरी ध्यान देऊन खातो, एवढ्यासाठी बाईमाणूस डोंगरसुद्धा हलवील. साहेब त्याला लोकसहभाग म्हणाला. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. म्हटलं, बोल बाबा, शाल तुझी, माईक तुझा.

मला कशाला हवेत आभार? कोणी मानले असते तर मी काय उभा राहणार होतो? भिकाजीच्या शेजारी? छे.

पण बाया शहाण्या. त्यांनी ठरवलं होतं, इतकी वर्षं गुरुजी दार लोटून जेवतात, आज जायच्या दिवशी आमच्या डोळ्यांसमोर जेवायचे. पंगत मांडली, गुरुजी मध्ये, मी समोर. सुरमईची तळलेली तुकडी, सोलकढी, आणि बांगड्याची आमटी हौसाबाईच्या हातची. त्या सगळ्या पदर खोचून ओळीने उभ्या. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. काय बघितलं ते सांगता येत नाही, बुडणारा माणूस होडीकडे बघतो तसं. परवा रात्रीच मी त्यांना म्हटलं होतं, सांगून टाका. तर म्हणाले, 'तात्या, शेवटच्या दिवशी त्यांचं मन कशाला मोडू?' मोडू नका तर, खा! आणि खाल्लंन हो त्या माणसाने. डोळे मिटले, आमटीभाताचा घास तोंडात टाकला आणि गिळला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. बायांना वाटलं, निरोपाचं रडू. हौसाबाईने विचारलं, 'कशी झाली, गुरुजी?' म्हणाले, 'छान.'

नुसतं छान! बाया पुढचं ऐकायला उभ्या. पुढचं येईना. गुरुजींनी आजवर कोणाच्या आमटीला नुसतं छान म्हटलेलं नाही. आणि माझ्या तोंडात घास, मास्तर, आणि ह्या मेल्या जिभेला काय म्हणावं, ती आपली आपणच बोलली — 'तिरफळां ज्यास्त ठेचलस, हौसाबाय.'

गुरुजींचंच बोलणं. तोच सूर. बायांनी गुरुजींकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत गुरुजींकडे. गुरुजी उठून उभे राहिले, त्या शालीसकट, हात जोडले आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मला वाटतं बरंच वाटलं त्यांना. तेवढ्यात तो सुदेश, 'आता वंदे मातरम् घेऊ या' — अरे, पंगतीत? हौसाबाईने गुरुजींच्या पुढचं पान उचललं, दुसरं मांडलं, दहीभात वाढला, केळं ठेवलं. डोळे पुसले. म्हणाली, 'सांगूचा तरी होता.' त्यांना सगळ्यांनी माफ केलं, लगेच. पाया पडल्या. आणि मग तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'म्हणजे इतकी वर्सां आमी जेवण घातला ता कोणाक?' आणि उत्तर ऐकायला थांबली नाही. आत गेली. माझ्या पानात भात संपला होता, कोणी वाढायला आलं नाही. त्याचं मला काही नाही. पण नंतर त्यांनी भांडी घासली ती आपटून आपटून, आणि बाया भांडी आपटायला लागल्या की समजायचं, राग कोणावर आहे ते.

सकाळी गुरुजी ती शाल माझ्या खांद्यावर टाकायला आले. म्हटलं, न्या घरी, मला घाम येतो. म्हणाले, 'तात्या, माझ्यामुळे तुमचं जेवण तुटलं.' मी म्हटलं, गाडी चुकेल. उंबऱ्यात त्यांची बसायची जागा गुळगुळीत झालीय, तिथे दुपारपासून कुत्रं येऊन बसतंय, हाकललं तरी परत येतंय. माणूस गेला तर गेला. मोठा लागून गेला गुरुजी! आमटीची चव कळत नाही असला गुरुजी!

तुम्ही मासे खाता का हो, मास्तर? — खाता. सगळे? — मग मिटलं. म्हणजे तुम्हाला जीभ आहे तुमची. चांगलं आहे, चांगलं आहे. कोल्हापूरची माणसं खातात, मला वाटलंच होतं.

थांबा जरा. ती कोण? माडाखालून येतेय ती. हौसाबाई. कमरेला टोप आहे ना? फडकं बांधलेला? माझी नजर तेवढी पोचत नाही. आहे ना? तुमच्यासाठी. नवीन मास्तर आल्याची बातमी गाडीच्या आधी पोचली असणार, ह्या वाडीत दुसरा धंदा काय आहे लोकांना? — हौसाबाय! ए हौसाबाय! ह्ये मास्तर म्हावरा खाणत नाय गो! — गप बसा हो तुम्ही. तुमच्या भल्यासाठी सांगतो. आज खाल्लंत, छान म्हणालात, की जन्माचे अडकलात, एक माणूस अडकलेला बघितलाय मी. तिच्याकडे बघू नका. समुद्राकडे बघा.

तुमच्या दाराकडे वळली नाही? इकडेच?

— काय गो? हय कित्याक ठेवतस? मास्तरांची खोली थंय आसा… माका? … वायच थांब, फडक्या सोडू नको, कुत्रा आसा हय. … होय, इलो वास. बांगडे. … काय सांगू? आता? कालच्यासारख्या तुझ्या तोंडार? अगो, खाल्ल्याशिवाय कसा सांगू, आणि तू अशी समोर बसलंस तर माझ्या घशाखाली… नाय, नाय, बस. बस तू. ह्यो घास घेतलंय बघ. …

मास्तर, चावी घेतलीत ना? मग उठा. उठा ओ. हय आता मास्तराचा काम नाय.